कर्नलच्या क्रिप्टो कोडमधला स्टॅक कमी करायचाय? इथून सुरुवात करा

दर रविवारी सकाळी धुळ्यात, पांझरेपलीकडे देवपुरातल्या माझ्या घरी पाच-सहा पोरंपोरी लॅपटॉप घेऊन जमतात. कुणी साक्रीचा, कुणी शिरपूरचा, एक मुलगी अमळनेरहून पहिल्या एसटीने येते. लिनक्स कर्नलमध्ये पहिलं काम कुठलं धरावं, असं त्यांनी विचारलं की मी त्यांना क्रिप्टोच्या, म्हणजे कूटलेखनाच्या, कोडमधला स्टॅक (फंक्शन चालताना त्याला लागणारी तात्पुरती मेमरी) मोजायला बसवतो. काम लहान असतं, फरक आकड्यांत दिसतो, महागडं यंत्र लागत नाही. आणि करता करता कंपायलर, प्रोसेसर आणि कूटलेखन या तिन्हींची ओळख होते. त्या रविवारांमध्ये जे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं ते इथे एकत्र लिहितो आहे. सी भाषा येत असेल आणि कर्नल एकदा तरी बांधून पाहिला असेल, तर एवढी तयारी पुरे. आज्ञा आणि पर्यायांची नावं मी उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती अर्थातच रोमन अक्षरांत करायची.

आधी जागा किती ते बघा

लिनक्सवर आपल्या साध्या सी प्रोग्रॅमला सहसा ८ मेगाबाइट स्टॅक मिळतो, त्यामुळे फंक्शनमध्ये हजार-दोन हजार बाइटांचा ॲरे लिहिताना हात थबकत नाही. कर्नलमध्ये ही सवय मोडावी लागते. ६४ बिट इंटेल-एएमडी यंत्रांवर प्रत्येक थ्रेडला कर्नलचा स्टॅक मिळतो १६ किलोबाइट. २०१४ मध्ये ३.१५ आवृत्ती येईपर्यंत तो ८ च होता, आणि याच घराण्यातल्या ३२ बिट यंत्रांवर आजही ८ आहे. कमी पडला तर तो आपोआप वाढत नाही.

शिवाय ही जागा तुमच्या एकट्याची नसते. एन्क्रिप्ट केलेल्या फोल्डरमधली फाइल लिहिताना आधी सिस्टम कॉल, मग फाइलसिस्टम, मग तिच्या खालचे थर, असं करत करत हाक तुमच्या फंक्शनपर्यंत पोचते. क्रिप्टो बहुतेक वेळा या साखळीच्या तळाशी असतं. वरच्यांनी किती खाल्लंय ते तुम्हाला माहीत नसतं, म्हणून तळाशी बसणाऱ्याने कमी खायचं.

स्टॅक ओसंडला तर पूर्वी शेजारच्या मेमरीवर गुपचूप लिहिलं जायचं आणि यंत्र भलत्याच ठिकाणी कोसळायचं. २०१६ मध्ये ४.९ आवृत्तीत ‘व्हीमॅप स्टॅक’ आला. त्यात स्टॅकच्या कडेला एक रिकामं राखण-पान असतं. त्याला धक्का लागला की कर्नल तिथेच थांबतो आणि चूक कुठे झाली ते कळतं. निदान सोपं झालं, जागा मात्र वाढली नाही.

पहिली पायरी: मोजा

कोड वाचून अंदाज बांधू नका. फंक्शनमध्ये १२८ बाइटांचा ॲरे दिसतो म्हणून फ्रेम, म्हणजे त्या फंक्शनने स्टॅकवर घेतलेली जागा, दीडशे बाइटांची असेल, असं धरून चालणारे मी दर वर्षी पाहतो. फ्रेम कंपायलर ठरवतो.

पूर्ण कर्नल बांधायचीही गरज नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४३-४४ वर असतो. तेव्हा लॅपटॉपला तास-दीड तास कंपायलिंगला लावलं की तो तापून मंदावतो, आणि मध्येच लाइट गेली तर बॅटरीही टिकत नाही. ‘मेक’ला एकाच ऑब्जेक्ट फाइलचं नाव द्या, उदाहरणार्थ लिब-क्रिप्टो फोल्डरमधली शा-५१२ या हॅशची (हॅश म्हणजे कितीही लांब संदेशाचा काढलेला ठरावीक लांबीचा ठसा). पहिल्या वेळची तयारी सोडली तर काही सेकंदांचं काम आहे.

मोजायच्या तीन रीती आहेत. पहिली म्हणजे कॉन्फिगमधला ‘फ्रेम वॉर्न’ हा आकडा. एखाद्या फंक्शनची फ्रेम त्याच्या वर गेली की कंपायलर इशारा देतो. मूळ मर्यादा ६४ बिटसाठी २०४८ आणि ३२ बिटसाठी साधारण १०२४ असते. तुम्ही ती ५१२ वर आणून ठेवा, म्हणजे झाकलेली नावंही बाहेर येतील. त्याआधी इशाऱ्याला चूक मानणारा ‘डब्ल्यू-एरर’ पर्याय बंद करा, नाहीतर बांधणी पहिल्याच इशाऱ्याला अडेल.

दुसरी रीत मला सगळ्यात आवडते. ‘केसीफ्लॅग्ज’मधून कंपायलरला ‘एफ-स्टॅक-युसेज’ हा पर्याय द्या. ऑब्जेक्ट फाइलच्या शेजारी ‘डॉट एसयू’ नावाची लहानशी फाइल तयार होते. तिच्यात प्रत्येक फंक्शनसमोर बाइटांचा आकडा असतो, आणि तो कायमचा आहे की चालताना बदलणारा हेही लिहिलेलं असतं. कर्नलच्या कोडमध्ये चालताना बदलणारी फ्रेम दिसली की तिथे थांबून नीट बघायचं. एकेकाळी क्रिप्टोमध्ये अशा फ्रेमा बऱ्याच होत्या, कारण लांबी आधी ठरलेली नाही असे ॲरे सर्रास वापरले जात. २०१८ मध्ये ते निवडून काढले गेले आणि ४.२० आवृत्तीपासून असा ॲरे लिहिला की कंपायलर ओरडतो.

तिसरी रीत, ‘मेक चेकस्टॅक’, पूर्ण बांधलेल्या कर्नलवर चालते आणि मोठ्यातून लहान अशी यादी देते. कुठून सुरुवात करावी हे सुचत नसेल तेव्हा उपयोगी.

आता महत्त्वाचं: हेच सगळं ३२ बिटसाठीही करा. ‘आर्क’मध्ये आय-३८६ सांगून वेगळ्या फोल्डरमध्ये बांधा, ६४ बिट यंत्रावरच्या जीसीसी या नेहमीच्या कंपायलरला सहसा ते जमतं. मग क्लँग या दुसऱ्या कंपायलरनेही दोन्ही बांधा. वहीत चार रकाने आखा: जीसीसी ६४, जीसीसी ३२, क्लँग ६४, क्लँग ३२. अमळनेरच्या मुलीने हे चार रकाने पहिल्यांदा भरले तेव्हा एकाच फंक्शनचे चार वेगळे आकडे पाहून ती गप्प झाली. ‘दादा, यातला खरा कोणता?’ चारही खरे. ज्याच्या यंत्रावर जो चालतो, त्याच्यासाठी तो खरा.

शा-५१२ ची गोष्ट, सावकाश वाचा

बाकीचं काही विसरलात तरी चालेल, ही गोष्ट लक्षात ठेवा. या कामातल्या बहुतेक चुका आणि बहुतेक उपाय एकाच फाइलच्या इतिहासात सापडतात.

शा-५१२ मध्ये ८० फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीला ६४ बिटांचा एक शब्द लागतो आणि हे शब्द मूळ संदेशाच्या १६ शब्दांतून वाढवत न्यायचे असतात. सरळ लिहिलं तर ८० शब्दांचा ॲरे, म्हणजे ८० गुणिले ८, ६४० बाइट. स्टॅकसाठी हे जड आहे हे लोकांच्या लक्षात आलं आणि २००८ मध्ये हा ॲरे स्टॅकवरून उचलून प्रत्येक सीपीयूसाठी राखलेल्या एका कायमच्या जागेत ठेवला गेला. स्टॅक हलका झाला, चाचण्या पास झाल्या.

तीन वर्षांनी चूक सापडली. एका सीपीयूवर हॅश अर्धवट झालेला असताना नेटवर्कचं पाकीट येतं, सॉफ्टवेअर इंटरप्ट (चालू काम मध्येच थांबवून होणारं तातडीचं काम) चालू होतो, आणि त्या पाकिटाची सही तपासायला हेच फंक्शन त्याच सीपीयूवर दुसऱ्यांदा शिरतं. ॲरे एकच. दोन घरांची ज्वारी एकाच वेळी एकाच खळ्यावर मळायला घेतली तर कुणाचं धान्य कुणाच्या पोत्यात गेलं ते सांगता येत नाही, तसं झालं. हॅश चुकीचा निघायचा आणि कुठलाही इशारा मिळायचा नाही. क्रिप्टोमध्ये यापेक्षा वाईट चूक क्वचितच असेल, कारण कोसळलेलं यंत्र निदान दिसतं तरी.

आमच्यातल्या एकाने सरावात अगदी हेच केलं होतं. ॲरेपुढे ‘स्टॅटिक’ लिहिलं, फ्रेम एकदम खाली आली, आणि तो अहिराणीत ओरडला, ‘दादा, व्हई गयं!’ त्याला मी दोन थ्रेड एकदम सोडून तेच फंक्शन चालवायला सांगितलं. उत्तरं जुळेनात. स्टॅकवरची जागा वाचवण्यासाठी सामायिक जागा वापरायची नाही, हे त्याला त्यानंतर कधी सांगावं लागलं नाही.

जानेवारी २०१२ मध्ये दुरुस्ती झाली आणि ॲरे स्टॅकवर परत आला, पण लहान होऊन. फेऱ्या शून्यापासून मोजल्या तर सोळाव्या फेरीपासून पुढचा कुठलाही शब्द काढायला त्याच्या मागचे चारच शब्द लागतात: दुसरा, सातवा, पंधरावा आणि सोळावा. म्हणजे कुठल्याही क्षणी शेवटचे १६ शब्द हाताशी असले की पुरे. रहाटाची गाडगी जशी तीच तीच खाली जाऊन भरून वर येतात, तसे १६ कप्पे फिरवायचे. क्रमांकाचे शेवटचे चार बिट घेतले की कप्पा मिळतो. ६४० ऐवजी १२८ बाइट. ६४ बिट यंत्रावर त्या फंक्शनची फ्रेम सुमारे ७५० वरून ३४० वर आली.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण हा बदल करताना लूप दोन ठिकाणी उलगडून, म्हणजे फेऱ्या फिरवण्याऐवजी एकापुढे एक मांडून, लिहिला गेला होता, आणि ३२ बिट यंत्रावर फ्रेम उलट १ किलोबाइटच्या वर गेली. ॲरे पाचपट लहान झाला तरी स्टॅक वाढला! क्रिप्टोचे देखभालकर्ते हर्बर्ट झू यांनी पुढच्याच महिन्यात संदेश भरायची आणि वाढवायची दोन्ही कामं पुन्हा एका लूपमध्ये आणली, तेव्हा ३२ बिटचा आकडा अर्ध्या किलोबाइटच्या थोडा वर येऊन थांबला.

असं का होतं

३२ बिट इंटेलमध्ये सामान्य कामाची रजिस्टर्स (प्रोसेसरच्या आतल्या संख्या ठेवायच्या जागा) आठ. त्यातलं एक स्टॅकचा पत्ता सांभाळतं, उरली सात. ६४ बिटांच्या एका संख्येला दोन लागतात, म्हणजे एका वेळी तीन संख्या मावतात. शा-५१२ ला तर नुसत्या चालू स्थितीसाठी आठ संख्या हव्यात. उरलेलं सगळं कंपायलर स्टॅकवर उतरवून ठेवतो, याला स्पिल म्हणतात. लूप उलगडला की कंपायलरसमोर एकदम शेकडो मधली उत्तरं येतात आणि प्रत्येकाला तो वेगळा कप्पा देऊ लागतो. हे कप्पे तुमच्या कोडमध्ये कुठेच लिहिलेले नसतात. म्हणूनच मोजल्याशिवाय कळत नाही.

याचं टोकाचं उदाहरण ब्लेक-टू-बी या हॅशचं. १६ शब्दांची स्थिती, १६ शब्दांचा संदेश, सगळे ६४ बिटांचे, १२ फेऱ्या. २०२२ मध्ये जीसीसी १२.१ ने ३२ बिटसाठी त्याच्या एका फंक्शनची फ्रेम अडीच हजार बाइटांच्याही वर नेली. तोच कोड, पण क्लँगची फ्रेम ३०० बाइटांच्या आत आणि जुन्या जीसीसीची सव्वाचारशेच्या आसपास. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांनी तेव्हा त्या एका फाइलपुरती इशाऱ्याची मर्यादा वाढवून बांधणी चालू ठेवली. तातडीच्या वेळी ते बरोबरच होतं. नव्या माणसाने मात्र मर्यादा वाढवण्याचा मार्ग धरू नये. इशारा गप्प झाला तरी बाइट तिथेच असतात.

दुसरी पायरी: कुठलं औषध कधी

लूप गुंडाळून बघणं हा पहिला उपाय, कारण त्यात बिघडण्यासारखं सगळ्यात कमी असतं. फेऱ्या हाताने उलगडलेल्या असतील तर निदान ३२ बिटसाठी त्या परत साध्या लूपमध्ये आणा. वेग थोडा घटेल. तो किती घटला हेही मोजा आणि सांगा.

खिडकी फिरवण्याचा उपाय, म्हणजे वरचा रहाट, जिथे पुढचा शब्द ठरावीक मागच्या शब्दांवरच अवलंबून असतो तिथेच चालतो. शा-१ मध्येही हाच डाव आहे: ८० शब्दांचे १६, ३२० बाइटांचे ६४.

फंक्शनं वेगळी ठेवणं बऱ्याच जणांना सुचत नाही. तुम्ही नीटनेटकी चार लहान फंक्शनं लिहिता, कंपायलर ती चारही एका मोठ्या फंक्शनमध्ये मिसळतो आणि चौघांच्या जागांची बेरीज एका फ्रेममध्ये येऊ शकते. एकामागून एक चालणारी कामं असतील तर त्या जागा एकाच वेळी लागतही नसतात. कर्नलमध्ये यासाठी ‘नोइनलाइन फॉर स्टॅक’ अशी खूणच आहे. ती फंक्शनवर लावली की ते वेगळं राहतं आणि परत येताच आपली जागा सोडतं. नावातच कारण असल्याने वाचणाऱ्यालाही कळतं. पण खोल साखळीत ती लावून फायदा होत नाही: हाक मारणाऱ्या आईच्या फ्रेमखाली लेकीची फ्रेम उभीच राहते, बेरीज तेवढीच. मार्गातली सगळ्यात खोल बेरीज कमी झाली का, ते बघायचं.

दोन तात्पुरते ॲरे कधीच एका वेळी वापरात नसतील तर त्यांना एका युनियनमध्ये ठेवा. वेगवेगळ्या महिरपी कंसांत लिहिले तर कंपायलर जागा वाटून देईल, या भरवशावर राहू नका. कधी देतो, कधी नाही, आणि मेमरी तपासणारं कासान चालू असलं तर फ्रेमा एरवीही फुगतात.

आणि जे मुळातच मोठं आहे ते स्टॅकवर ठेवूच नका. एईएस या कूटलेखन पद्धतीची दोन्ही दिशांची विस्तारलेली किल्ली ४८० बाइटांची, लांबी धरून ४८४. ती कॉन्टेक्स्टमध्ये, म्हणजे किल्ली बसवतानाच घेतलेल्या जागेत, राहायला हवी. क्वांटम संगणकांच्या काळासाठी आलेल्या सह्यांमध्ये तर प्रश्नच मिटतो. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेने एमएल-डीएसए प्रमाणित केलं. त्यातल्या एका बहुपदीत २५६ सहगुणक असतात. प्रत्येकी ४ बाइट धरले तर एक बहुपदी म्हणजे १ किलोबाइट. एमएल-डीएसए-६५ मध्ये ६ गुणिले ५, म्हणजे ३० बहुपदींची सारणी. ३० किलोबाइट, पूर्ण स्टॅकच्या जवळजवळ दुप्पट! यातही मेमरी वाचवता येते: सारणीचा प्रत्येक घटक एका लहानशा बीजातून काढता येतो, म्हणून एक घटक तयार करायचा, गुणून ओळीच्या बेरजेत टाकायचा आणि त्याच जागेत पुढचा घ्यायचा. तरीही सहीतल्याच पाच बहुपदी हाताशी लागतात. त्यामुळे इथे जागा हीपवरच, म्हणजे चालताना कर्नलकडून मागून घ्यायच्या मेमरीतच, मागायची.

हीपवर गेलात की दोन नवी कामं मागे लागतात. जागा मिळाली नाही तर काय, हे लिहावं लागतं. आतापर्यंत कधीच न चुकणारं फंक्शन आता चूक परत करू शकतं आणि त्याला हाक मारणाऱ्या प्रत्येकाने ती तपासायला हवी. दुसरं, इंटरप्टच्या संदर्भात झोपता येत नाही, म्हणून तिथे ‘जीएफपी कर्नल’ने (जागा मिळेपर्यंत झोपू शकणाऱ्या मागणीने) जागा मागता येत नाही. प्रत्येक पाकिटामागे जागा मागत बसण्यापेक्षा हाक मारणाऱ्याकडूनच कामाची जागा घेणं मला जास्त पटतं.

तिसरी पायरी: गुपित सांडू नका

स्टॅकवर किल्लीचे तुकडे पडून राहतात. काम झाल्यावर ते पुसायला साधं ‘मेमसेट’ पुरत नाही. पुढे कुणी वाचत नाही हे पाहून कंपायलर ते पुसणंच गाळून टाकू शकतो. ‘मेमझीरो एक्स्प्लिसिट’ वापरा, आणि हीपवरची जागा सोडताना ‘केफ्री सेन्सिटिव्ह’. ॲरे स्टॅकवरून हीपवर नेला आणि पुसण्याची ओळ मागेच राहिली, असे बदल मी मुलांच्या कामात पाहिले आहेत, म्हणून मुद्दाम सांगतो. हेही ध्यानात घ्या की ॲरे पुसला तरी स्पिलचे कप्पे पुसले जात नाहीत. फ्रेम लहान केल्याने तो उरलेला मागमूसही कमी होतो, आणि या कामाचं मला वाटणारं हे एक खरं मोल आहे.

जागा वाचवताना गुप्त मूल्यावरून कप्पा निवडणारी किंवा फाटा फोडणारी युक्ती कधीही आणू नका. लागणाऱ्या वेळेवरून किल्ली ओळखता येते. फेरीच्या क्रमांकावरून कप्पा निवडायला हरकत नाही, तो क्रमांक सगळ्यांना ठाऊकच असतो.

आणखी एक खड्डा: स्टॅकवरचा बफर स्कॅटरलिस्टमध्ये (मेमरीच्या विखुरलेल्या तुकड्यांच्या यादीत) देऊ नका. व्हीमॅप स्टॅक आल्यापासून स्टॅकचा पत्ता त्या यंत्रणेला अपेक्षित असतो तसा नसतो.

चौथी पायरी: पडताळा आणि पाठवा

केयुनिटच्या, म्हणजे कर्नलच्या आतल्याच, चाचण्या ३२ आणि ६४ अशा दोन्ही बिटांसाठी चालवा. ३२ बिट यंत्र नसेल तर क्यूईमू या आभासी यंत्रात. लांबी ०, १, ब्लॉकला (फंक्शन एका वेळी घेतं त्या ठरावीक तुकड्याला) एक कमी, नेमका ब्लॉक, ब्लॉकला एक जास्त, एवढ्या तरी तपासल्या गेल्या पाहिजेत. उत्तर एका बिटानेही बदलता कामा नये. मग वेग मोजा.

पॅचच्या, म्हणजे पाठवायच्या बदलाच्या, निरोपात चार ओळी हव्यातच: कुठलं फंक्शन, आधीची फ्रेम, नंतरची फ्रेम, आणि कुठल्या कंपायलरची नेमकी कुठली आवृत्ती. शेवटची ओळ मुलं हमखास विसरतात. ब्लेक-टू-बीच्या वेळी नुसतं ‘जीसीसी’ एवढंच लिहिलं असतं, तर जुनं जीसीसी वापरणाऱ्याला तो दोष दिसलाच नसता. वेग घटला असेल तर तेही त्याच निरोपात लिहा, टक्क्यांसकट. मग लिहिण्याची पद्धत तपासणारं ‘चेकपॅच’ चालवा, ‘गेट मेंटेनर’ला विचारून पॅच कुणाला पाठवायचा ते बघा, आणि उत्तराची वाट बघत असताना वहीतलं पुढचं फंक्शन चार रकान्यांत मोजायला घ्या.